वाचकांचे प्रश्न : संगणकातली मदत हाताशी कशी यावी

कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मदतीची सोय असते, हे बहुतेकांना ठाऊक असते; काम अडते त्या क्षणी ती नेमकी कुठे आहे, हे मात्र आठवत नाही. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे याच अडचणीची होती. काही पत्रे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची आहेत, तर काही ते तयार करणाऱ्यांची. एका बाजूची अडचण दुसऱ्या बाजूला कळावी, या हेतूने ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात नवे लॅपटॉप आले आणि त्यांच्याबरोबर वर्डची नवी आवृत्ती आली. पूर्वी मेन्यूंच्या शेवटी ‘हेल्प’ असे स्पष्ट लिहिलेले असे. आता ते दिसत नाही आणि एफ-१ दाबले तर लॅपटॉपचा आवाज बंद होतो. मदत काढून टाकली आहे का?
— एक मुख्य लिपिक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : मदत काढून टाकलेली नाही, तिची जागा मात्र इतक्या वेळा बदलली आहे, की जुन्या सवयीच्या माणसाला ती नाहीशी झाली असे वाटावे. ऑफिस २००३ पर्यंत ‘फाइल’पासून सुरू होणाऱ्या मेन्यूंच्या ओळीत शेवटचा शब्द ‘हेल्प’ हा असे. ऑफिस २००७ मध्ये मेन्यूंच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली आणि त्या शब्दाऐवजी उजव्या कोपऱ्यात एक लहानसे प्रश्नचिन्ह उरले. २०१६ च्या आवृत्तीत ते प्रश्नचिन्हही गेले आणि आपल्याला काय करायचे आहे ते लिहिण्यासाठी ‘टेल मी’ नावाची चौकट आली. त्यानंतर २०१९ च्या आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘हेल्प’ हा शब्द रिबनच्या उजव्या टोकाकडे पुन्हा दिसू लागला. तो परत आला हे माझ्या मते फार चांगले झाले, कारण काम अडलेला माणूस चिन्हांचे अर्थ लावत बसत नाही; त्याची नजर ओळखीचा शब्द शोधत असते.

आपल्या रिबनवर तो शब्द नसेल, तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ या क्रमाने जावे आणि उजवीकडच्या यादीत ‘हेल्प’समोर बरोबरची खूण आहे का ते पाहावे. खूण नसल्यास ती करावी. दुसरा आणि अधिक जलद मार्ग म्हणजे ऑल्ट आणि क्यू या कळा एकत्र दाबणे. त्याने कर्सर शोधाच्या चौकटीत जातो आणि तेथे ‘वॉटरमार्क’ किंवा ‘पेज नंबर’ असे लिहिले की ती आज्ञाच समोर येते. मेन्यू इंग्रजीत असतील, तर या चौकटीत इंग्रजी शब्द देणेच फायद्याचे ठरते.

या चौकटीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती काम करून देते, पण ती आज्ञा रिबनवर कुठे आहे हे शिकवत नाही. अ‍ॅपलच्या संगणकांवर वेगळी पद्धत आहे. २००७ साली आलेल्या ‘लेपर्ड’ या आवृत्तीपासून तेथे ‘हेल्प’ मेन्यूत शब्द लिहून सापडलेल्या आज्ञेवर कर्सर नेला, की ती आज्ञा ज्या मेन्यूत असते तो मेन्यू आपोआप उघडतो आणि एक बाण तिच्या ओळीकडे निर्देश करतो, त्यामुळे पुढच्या वेळी माणूस स्वतःच तेथे जातो. मला ही पद्धत अधिक पटते. आपल्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्यांना ऑल्ट-क्यू शिकवाल, तेव्हा सापडलेली आज्ञा रिबनवर एकदा प्रत्यक्ष शोधून पाहण्याची सवयही त्यांना लावावी.

आता एफ-१ विषयी. पुष्कळ लॅपटॉपवर वरच्या ओळीतील कळांना आवाज, प्रकाश अशी कामे दिलेली असतात आणि एफ-१ चे मूळ काम मिळवण्यासाठी ‘एफएन’ ही कळ धरून एफ-१ दाबावे लागते. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की वरच्या कळा कायमच्या मूळ कामावर येतात. एस्केपच्या कळेवर लहान कुलपाचे चित्र असेल, तर ती सोय आपल्याकडे आहे असे समजावे. एफ-१ म्हणजे मदत हा संकेत सुरुवातीपासून सर्वत्र नव्हता. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये एफ-१ ने मदत मिळत असे, पण विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या वर्डपरफेक्ट या लेखनाच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी एफ-३ दाबावे लागे आणि एफ-१ ने आज्ञा रद्द होई. वर्डस्टार या लेखनाच्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि जे या कळांनी मदत उघडे. १९८७ मध्ये आयबीएमने सर्व प्रोग्रामांसाठी समान संकेतांची नियमावली काढली, तीत एफ-१ ला मदतीचे स्थान मिळाले, आणि पुढे विंडोजवरच्या प्रोग्रामांनी तोच संकेत पाळला. इतक्या वर्षांनी बसलेली ही सवय लॅपटॉपच्या आवाजाच्या बटणाखाली दडली, याची हळहळ वाटते.

प्रश्न : आमच्या शाळेत लिबरऑफिस वापरतात. एफ-१ दाबले की ब्राउझर उघडतो आणि इंटरनेट नसल्याचा संदेश येतो. येथे दिवसाचा बराच वेळ जोडणी नसते. काय करावे?
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : विंडोजसाठीच्या लिबरऑफिसमध्ये मदतीची पाने मूळ प्रोग्रामबरोबर येत नाहीत; ‘हेल्प पॅक’ नावाची वेगळी फाइल असते आणि ती डाउनलोडच्या पानावर मुख्य फाइलच्या खालीच दिलेली असते. जोडणी असेल तेव्हा ती एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी आणि प्रत्येक संगणकावर बसवावी. त्यानंतर एफ-१ दाबले की संगणकावर साठवलेलीच पाने उघडतील. हेल्प पॅकची आवृत्ती आणि लिबरऑफिसची आवृत्ती एकच असावी, एवढी खबरदारी घ्यावी.

विद्यार्थ्यांसाठी आणखी दोन सोयी सांगण्यासारख्या आहेत. ‘हेल्प’ मेन्यूतील ‘व्हॉट्स धिस’ निवडून किंवा शिफ्ट आणि एफ-१ दाबून एखाद्या बटणावर कर्सर नेला, की त्या बटणाची सविस्तर माहिती तेथेच दिसते. आवृत्ती ७.२ पासून शिफ्ट आणि एस्केप दाबल्यास आज्ञा शोधण्याची चौकटही उघडते आणि तिला इंटरनेट लागत नाही. लिबरऑफिसचे मेन्यू मराठीत करून घेता येतात. शाळेत ते जरूर करावे, म्हणजे या चौकटीत मुलांना मेन्यूवरचे मराठी शब्द लिहून शोधता येईल.

प्रश्न : टॅलीच्या जुन्या आवृत्तीत एफ-१ ने कंपनी निवडत होतो. टॅलीप्राइममध्ये एफ-१ दाबले की मदत उघडते. हा बदल कशासाठी?
— एक लेखापाल, इचलकरंजी

उत्तर : टॅली ईआरपी ९ मध्ये एफ-१ ला कंपनी निवडण्याचे काम होते हे खरे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आले तेव्हा ते काम ऑल्ट आणि एफ-३ कडे गेले आणि एफ-१ मदतीला मिळाले. इतर बहुतेक प्रोग्रामांत ही कळ मदतीची असते, त्यामुळे नव्याने टॅली शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. वर्षानुवर्षे एफ-१ दाबून कंपनी निवडणाऱ्या हातांना काही आठवडे त्रास होईल, पण नंतर सवय बसेल. त्याच आवृत्तीत ऑल्ट आणि जी दाबून ‘गो टू’ ही चौकट उघडते. अहवालाचे नाव लिहावे आणि मेन्यूच्या पायऱ्या न चढता थेट तेथे जावे. अहवाल कोणत्या मेन्यूत आहे, एवढाच प्रश्न असेल, तर मदतीची पाने चाळण्यापेक्षा ही चौकट अधिक उपयोगी आहे.

प्रश्न : मला एक्सेलमध्ये मालाच्या क्रमांकावरून दुसऱ्या यादीतला दर आणायचा असतो. यासाठी काहीतरी सूत्र असते असे ऐकले आहे, पण त्याचे नाव माहीत नाही. नावच माहीत नसेल तर मदत शोधायची कशी?
— एक भांडारपाल, नाशिक

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मदतीची बहुतेक पाने ‘नाव माहीत आहे, वापर माहीत नाही’ असे गृहीत धरून लिहिलेली असतात. अडलेल्या माणसाची स्थिती बहुधा याच्या उलट असते. त्याला काय घडायला हवे ते स्वच्छ दिसत असते. त्याला काय म्हणतात तेवढे माहीत नसते.

एक्सेलमध्ये यासाठी एक दार आहे. सूत्र लिहिण्याच्या पट्टीच्या डाव्या बाजूला ‘एफएक्स’ असे लिहिलेले बटण असते; ते दाबले किंवा शिफ्ट आणि एफ-३ दाबले, की सूत्रे शोधण्याची खिडकी उघडते. तिच्यात वरती काय करायचे आहे ते थोडक्यात लिहिण्याची जागा असते. हा शोध फारसा चतुर नाही, म्हणून पूर्ण वाक्य न लिहिता ‘लुकअप’ असा एखादा इंग्रजी शब्द लिहावा किंवा खालच्या वर्गवारीतून ‘लुकअप अँड रेफरन्स’ हा गट निवडावा. आपल्याला हवे असलेले सूत्र ‘व्हीलुकअप’ हे आहे आणि नव्या आवृत्त्यांत त्याहून सोयीचे ‘एक्सलुकअप’ असते. सूत्र निवडल्यावर खिडकीच्या तळाशी ‘हेल्प ऑन धिस फंक्शन’ अशी ओळ दिसते. तिच्यावर क्लिक केले, की त्या एकाच सूत्राचे उदाहरणांसह पान उघडते. तसेच चौकोनात सूत्राचे नाव आणि कंस लिहिल्यावर खाली जी लहान पट्टी येते, तिच्यातील नावावर क्लिक केले तरी तेच पान मिळते. ही पट्टी बहुतेकांना दिसते, पण तिच्यावर क्लिक करता येते हे फार थोड्यांना माहीत असते.

प्रश्न : आमची लहान कंपनी सहकारी पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करते. आम्ही सविस्तर माहितीपुस्तिका लिहून मेन्यूत ठेवली आहे. तरीही शाखांमधून दिवसभर फोनवर तेच तेच प्रश्न येतात. लोक वाचत नाहीत, की आमची मांडणी चुकते आहे?
— एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : लोक वाचत नाहीत हे खरे आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या आयबीएमच्या संशोधकांनी १९८७ मध्येच हे निरीक्षण मांडले होते, की आधी पुस्तिका वाचल्याने पुढचा वेळ वाचणार असला तरी माणसे ती वाचत नाहीत. ती थेट कामाला लागतात, कारण त्यांना सॉफ्टवेअर शिकायचे नसते, हातातले काम संपवायचे असते. पतसंस्थेच्या काउंटरवर सभासद पासबुक घेऊन उभा असताना लिपिकाने पुस्तिकेची अनुक्रमणिका उघडावी, ही अपेक्षाच रास्त नाही. त्या वेळी तो फोन उचलतो, कारण फोनवर त्याला त्याच्याच अडचणीचे उत्तर मिळते. पुस्तिकेने तेच करायला हवे.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की मदत ज्या त्या पडद्याशी जोडावी. ठेव स्वीकारण्याच्या पडद्यावर असताना एफ-१ दाबले, तर ठेवीचेच पान उघडले पाहिजे. मुखपृष्ठ आणि मनोगत उघडता कामा नये. त्या पानावर प्रथम ते काम कसे करायचे याच्या पायऱ्या असाव्यात, मग नेहमी होणाऱ्या चुका, आणि नियमांची पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एक पान पडद्यावर न सरकवता वाचता आले तर उत्तम.

दुसरी गोष्ट चूक झाल्यावर येणाऱ्या संदेशांची आहे, आणि येथे मला थोडे अधिक सांगायचे आहे. काम अडले आहे हे सॉफ्टवेअरला नक्की कळते असा क्षण म्हणजे चुकीचा संदेश दाखवण्याचा क्षण होय. मदत पोहोचवण्याची याहून चांगली संधी नसते आणि नेमकी तीच वाया जाते. व्हिज्युअल बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली कितीतरी हिशेबाची सॉफ्टवेअरे आजही ‘रन-टाइम एरर ३०२१’ असा संदेश दाखवतात. त्याचा अर्थ एवढाच असतो, की जी नोंद मागितली ती यादीत नाही. लिपिकाला मात्र आपल्या हातून काहीतरी मोठे बिघडले असे वाटते आणि तो संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो. त्याऐवजी ‘या क्रमांकाचे खाते सापडले नाही. खाते दुसऱ्या शाखेचे असल्यास आधी शाखा निवडा’ असे लिहिले आणि शेजारी शाखा निवडण्याचे बटण दिले, तर त्याला मदतीचे पान उघडावेच लागणार नाही. आपल्या सॉफ्टवेअरमधील सर्व संदेश एका कागदावर उतरवून काढावेत आणि प्रत्येकापुढे ‘आता मी काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर आहे का ते पाहावे. माझा आग्रह असा, की पुस्तिकेत नवे प्रकरण घालण्याआधी हे काम करावे.

तिसरी गोष्ट शोधाची. आपल्या मेन्यूत ‘ट्रायल बॅलन्स’ असेल, पण पतसंस्थेतील ज्येष्ठ लिपिक ‘तेरीज’ शोधेल. ‘डे बुक’ला तो किर्द म्हणेल, ‘लेजर’ला खतावणी, आणि ‘रिव्हर्सल एन्ट्री’ शोधताना तो ‘चुकीची नोंद फिरवणे’ असे काहीतरी लिहील. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते, की दोन माणसांनी एकाच गोष्टीसाठी आपणहून एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे तयार करणाऱ्याने कितीही विचार करून शब्द निवडला, तरी वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात दुसराच शब्द असतो. त्यांनी सुचवलेला उपाय सरळ आहे : एका आज्ञेला अनेक नावे जोडून ठेवावीत आणि त्यांपैकी कोणतेही लिहिले तरी तेच पान उघडावे. आपल्या बाबतीत ही नावे इंग्रजी, मराठी आणि रोमन लिपीत लिहिलेली मराठी, अशा तिन्ही रूपांत असावी लागतील.

मराठीसाठी याहून एक सूक्ष्म अडचण आहे, जी अनेकांच्या ध्यानात येत नाही. ‘कर्मचाऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या संकेतप्रणालीत, दोन प्रकारे टंकता येतो : एक खास ऱ हे अक्षर वापरून आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगवेगळे शब्द असतात आणि एका प्रकारे लिहिलेले पान दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. ‘किर्द’ आणि ‘कीर्द’, ‘दुरुस्ती’ आणि ‘दुरूस्ती’ यांचेही तसेच. शोधण्यापूर्वी ही रूपे एकसारखी करून घेण्याची सोय आपल्या अभियंत्यांनी केली पाहिजे. ती अवघड नाही आणि तिच्याअभावी शुद्धलेखनाची शिक्षा अडलेल्या माणसाला भोगावी लागते.

योग्य नावे कोणती, हे कार्यालयात बसून ठरवू नये. ती आपल्याकडे आधीच आलेली आहेत. फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याने प्रत्येक प्रश्न स्वतःच्या भाषेत न बदलता, विचारणाऱ्याच्याच शब्दांत नोंदवावा. तसेच मदतीच्या शोधात लिहिलेले, पण ज्यांचे उत्तर सापडले नाही असे शब्द सॉफ्टवेअरने साठवून ठेवावेत. सभासदांची नावे किंवा खाते क्रमांक मात्र त्यात जाऊ देऊ नयेत. दर महिन्याला या दोन याद्या शेजारी ठेवल्या, की कोणते पान लिहायचे राहिले आहे आणि कोणते पान लिहूनही सापडत नाही, हे स्पष्ट होईल. दुसऱ्या प्रकारची पाने जास्त निघतील, असा माझा अंदाज आहे.

जागेबद्दल थोडक्यात. मदतीचे बटण प्रत्येक पडद्यावर एकाच ठिकाणी असावे, त्यावर नुसते प्रश्नचिन्ह न काढता ‘मदत’ असा शब्द लिहावा, आणि आवृत्ती बदलताना ते हलवू नये. एसटी स्थानकात चौकशीची खिडकी दरवर्षी वेगळ्या फलाटावर नेली, तर प्रवासी तिच्याकडे जाणेच सोडून देतील.

आपण लिहिता की पुस्तिका ‘सीएचएम’ या विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या मदत-फाइलच्या रूपात मुख्य संगणकावर ठेवली आहे आणि काही शाखांत ती उघडल्यावर डावीकडे अनुक्रमणिका दिसते, पण उजवीकडे काहीच दिसत नाही. हा शाखांचा हलगर्जीपणा नाही. २००५ मधील एका सुरक्षा-सुधारणेनंतर विंडोज अशा फाइलींची पाने नेटवर्कवरून उघडू देत नाही. फाइल प्रत्येक संगणकावर स्थानिक ठेवावी. ती ईमेलने पाठवली असेल, तर फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’ करावे. खरे तर आता ही पाने ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या साध्या रूपात करून सॉफ्टवेअरबरोबरच बसवणे चांगले. ज्या शाखांत मदतीचे पान कोरे उघडत होते, त्या शाखांकडून फोन अधिक येतात का, हेही तपासून पाहावे.

शेवटी, फोन नंबर लपवू नका. फोन कमी व्हावेत म्हणून काही कंपन्या तो चार पानांच्या मागे ठेवतात. मदतीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी नंबर आणि तो कोणत्या वेळेत लागतो हे दिलेले असले, की लिपिक निर्धास्तपणे आधी पान वाचतो, कारण जमले नाही तर पुढे काय करायचे हे त्याला दिसत असते.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए या, पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने काम करतो. आमच्या कार्यालयातील सॉफ्टवेअरमध्ये बटणावर माउस नेला की माहिती दिसते, असे सहकारी सांगतात. मला ती ऐकू येत नाही. वर्डमध्ये मदत मिळवण्याचा सोपा मार्गही सांगावा.
— एक लिपिक, नागपूर

उत्तर : वर्डमध्ये ऑल्ट आणि क्यू दाबावे, हवी ती आज्ञा लिहावी, खालच्या बाणाने सापडलेल्या ओळी ऐकाव्यात आणि एंटर करावे, रिबनवर डावी-उजवीकडे फिरण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे जाते. एनव्हीडीएची कळ आणि १ दाबल्यास कळांची ओळख करून देणारी अवस्था सुरू होते. त्यानंतर कोणतीही कळ दाबली तरी ती काय करते एवढेच ऐकू येते, प्रत्यक्ष काम होत नाही. बाहेर पडण्यासाठी त्याच कळा पुन्हा दाबाव्यात.

आपल्या कार्यालयातील सॉफ्टवेअरचा दोष मात्र ते तयार करणाऱ्यांनी दूर करायला हवा. केवळ माउस नेल्यावर दिसणारी मदत कीबोर्डवर काम करणाऱ्याला मिळत नाही, स्क्रीन रीडरला ती बहुधा कळतच नाही, आणि टॅब्लेटवर तर माउसच नसतो. तीच माहिती टॅब कळेने बटणावर पोहोचल्यावरही मिळाली पाहिजे. वेबवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या निकषांत मदतीच्या जागेविषयी एक स्वतंत्र निकष आहे. मदतीचा दुवा, संपर्काची माहिती किंवा फोन नंबर अनेक पानांवर असेल, तर तो प्रत्येक पानावर त्याच क्रमाने आला पाहिजे, असे तो सांगतो. आणि हा निकष सर्वांत प्राथमिक पातळीवर ठेवलेला आहे. कानांनी पान वाचणाऱ्याला मदत पानाच्या कितव्या टप्प्यावर येते हे पाठ झालेले असते, त्यामुळे क्रम बदलला की त्याला सारे पान पुन्हा ऐकावे लागते. कार्यालयाकडे तक्रार करताना या निकषाचा क्रमांक, ३.२.६, आवर्जून लिहावा.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न विचारल्यावर उत्तर देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक बसवण्याचा विचार आहे. मग मेन्यूतली जुनी मदत काढून टाकली तर चालेल का?
— एक उत्पादन व्यवस्थापक, ठाणे

उत्तर : काढू नये. साहाय्यकाची कल्पना चांगली आहे, विशेषतः नाव माहीत नसलेल्या माणसासाठी. आपल्या शब्दांत, अगदी मराठीतही, अडचण लिहिता येणे ही आजवर न मिळालेली सोय आहे. पण या वाटेने पूर्वीही प्रयत्न झालेला आहे. ऑफिस ९७ मध्ये आलेला कागदाला लावायच्या क्लिपच्या रूपातला साहाय्यक अनेकांना आठवत असेल. पत्राच्या आरंभीचा इंग्रजी मायना लिहिताच तो पुढे येऊन पत्र लिहायला मदत करू का असे विचारी. पत्र लिहिण्यात पारंगत असलेल्या टंकलेखकालाही तो दर वेळी तेच विचारी. २००१ साली आलेल्या आवृत्तीत तो मुळातच बंद ठेवलेला होता आणि २००७ मध्ये तो काढून टाकण्यात आला. म्हणून आपला साहाय्यक बोलावल्याशिवाय पुढे येणार नाही आणि काम झाकणार नाही, हे पहिल्यापासून ठरवून घ्यावे.

दुसरी जोखीम अचूकतेची. असे साहाय्यक कधीकधी आपल्या आवृत्तीत नसलेला मेन्यूही आत्मविश्वासाने सांगतात. नवखा लिपिक तो शोधत राहतो आणि दिसत नाही म्हणून स्वतःलाच कमी समजतो. साहाय्यकाने केवळ आपल्याच मदतीच्या पानांवरून उत्तर द्यावे, समोरच्याची आवृत्ती त्याला आपोआप कळावी, आणि प्रत्येक उत्तराखाली ज्या पानावरून ते घेतले त्याचा दुवा असावा. यावरूनच लक्षात येईल, की जुनी पाने काढली तर साहाय्यकाला सांगण्यासारखे काही उरणार नाही. ग्राहकांची माहिती प्रश्नात चिकटवू नये, अशी ठळक सूचनाही चौकटीच्या वर द्यावी. आपल्या ग्राहकांपैकी ज्यांच्याकडे इंटरनेट दिवसभर नसते, त्यांच्या संगणकावर साहाय्यकाचे बटण नुसते बंद दिसत राहू नये. जोडणी नसताना तेच बटण दाबल्यावर संगणकावर साठवलेले, त्या पडद्याचे मदतीचे पान उघडावे.